म्हशीला सर्रा झाला, मग घरच्यांना का नाही?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. दोन म्हशी आणि एक बैलजोडी त्या सांभाळतात. (सर्रा म्हणजे रक्तातल्या एका परजीवीमुळे होणारा, माश्यांच्या चाव्यातून पसरणारा जनावरांचा आजार.) पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"सप्टेंबरपासून मोठ्या म्हशीला ताप यायचा, दोन दिवसांत उतरायचा, आठवड्याने पुन्हा चढायचा. दूध सहा लिटरवरून दोनवर आलं. डोळ्यांतून पाणी, एका डोळ्यावर पांढुरका पडदा. सरकारी डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काच तपासली आणि सर्रा सांगितला. इंजेक्शन दिलं, आता म्हैस चारा खाते. पण गावात बोलणं सुरू झालं की आपल्याच जिल्ह्यात मागे एका माणसाला सर्रा झाला होता. धार मीच काढते. घरात सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल 9 टक्के आलेत आणि पुढे वर जाणारा बाण आहे. एकूण पांढऱ्या पेशी 8,200. हा सर्राच का? दूध प्यावं का? मेडिकलवाल्याने प्रतिकारशक्तीची पावडर दिली आहे, सोबत गुळवेलीचा काढा. नणंद म्हणतात, म्हैस विकून मोकळी हो. काय करू?"

ताई, इंजेक्शननंतरचे काही दिवस सोडून दूध उकळून प्या. पावडरीचा डबा फोडला नसेल तर परत करा. म्हैस एवढ्यात विकू नका. मुलाच्या रिपोर्टातल्या बाणाचा सर्राशी संबंध असण्याची शक्यता जवळपास नाही, त्याचं वेगळं बघावं लागेल. एवढं कळलं म्हणजे आजची झोप लागेल. आता यामागची कारणं सांगतो. ती कळली नाहीत तर उद्या दुसरा कुणी दुसरी पावडर घेऊन येईल.

गावात जे बोलतात ते खोटं नाही. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा परजीवी सापडला. महिनोन्महिने ताप येत-जात होता. माणसात या परजीवीची अशी पक्की नोंद जगात पहिल्यांदाच झाली, म्हणून त्या रुग्णाकडे बेल्जियमपर्यंतच्या शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. मेंदूभोवतालच्या पाण्यात परजीवी नव्हता, त्यामुळे सुरामिन हे जुनं औषध देता आलं आणि तो बरा झाला. मग त्या गावातल्या 1,806 लोकांचं रक्त तपासलं. साधारण 23 टक्के लोकांच्या रक्तात या परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) खूण मिळाली. ज्यांच्यात ती जोरदार होती त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर परजीवी एकाच्याही रक्तात नव्हता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चाचणीत थोडीफार चूक धरली तरी अंदाज असा निघतो की माशी चावून किंवा रक्ताचा हात लागून परजीवी बऱ्याच जणांच्या अंगात शिरला असावा, पण टिकला कुणाच्याच नाही. टिकला तो फक्त त्या एका शेतकऱ्याच्या. त्याच्यात काय कमी होतं, ते 2006 साली कळलं. आपल्या सगळ्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं, त्याला एपीओएल-1 म्हणतात. ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, त्यामुळे रक्तात हे प्रथिन मुळीच नव्हतं. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तजलात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्यात) परजीवी मजेत जगत होता. त्यातच बाहेरून एपीओएल-1 घातलं, तर तो मरायला लागला.

तुमच्या घरच्यांच्या प्रतिकारशक्तीचा या रोगापुरता खरा भाग तो हाच. जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात ती अशी असते. आधी रोग होऊन गेलेला नको, लस नको, ओळख नको. तुमच्या मुलाला त्यासाठी काही शिकावं लागलेलं नाही.

हे प्रथिन काम कसं करतं, ते जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे.

सर्राचा परजीवी म्हणजे ट्रायपॅनोसोमा इव्हान्साय. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला तो 1880 साली आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माइल खान इथल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात दिसला, त्याचंच नाव परजीवीला मिळालं. एकाच पेशीचा, लांबुडका, साधारण 24 मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या तिप्पट-चौपट लांब. तो पेशीत लपत नाही, उघड्या रक्तात पोहतो. उघड्यावर असूनही म्हशीचं शरीर त्याला संपवू शकत नाही याचं कारण त्याचा अंगरखा. त्याच्या सबंध अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट थर असतो. म्हशीचं शरीर त्या थराविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्याला आठवडाभर लागतो, बहुतेक परजीवी मरतात आणि ताप उतरतो. पण तेवढ्यात काहींनी दुसरा अंगरखा घातलेला असतो. असे अंगरखे शिवण्याचे शेकड्यांनी नमुने त्याच्या जनुकांत आहेत. नवा अंगरखा घातलेले वाढतात आणि ताप पुन्हा चढतो. तुम्ही लिहिलंत तो आठवड्याने येणारा ताप म्हणजे हाच खेळ. सर्रावर लस नाही, तीही याचमुळे.

आता माणसाकडे या. एपीओएल-1 त्या अंगरख्याकडे बघतच नाही. ते परजीवीच्या जेवणात बसलेलं असतं. परजीवीला वाढायला लोह असलेलं हीम लागतं आणि ते तो रक्तातल्या हॅप्टोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या जोडीतून ओढून घेतो. त्यासाठी त्याच्या अंगावर खास दार आहे. आपल्या रक्तात चरबीचे जे एचडीएल कण फिरतात, त्यांतल्या थोड्या कणांवर हॅप्टोग्लोबिनसारखंच दिसणारं एक प्रथिन आणि त्याच्या शेजारी एपीओएल-1 बसलेलं असतं. परजीवी फसतो, तो कण आत घेतो आणि पचनाच्या पिशवीकडे पाठवतो. पिशवीत आंबटपणा असतो. त्या आंबटपणात एपीओएल-1 जागं होतं, परजीवीच्या आवरणांत घुसून भोकं पाडतं, त्यातून क्षार आत शिरतात, मागोमाग पाणी. परजीवी फुगतो आणि फुटतो. उंदराच्या गोळीला आपण गूळ-पीठ लावतो, तसंच काहीसं. अंगरखा कितीही वेळा बदलला तरी जेवण कुणाला सुटत नाही.

माणसाचं रक्तजल ट्रायपॅनोसोमाला मारतं हे लाव्हराँने 1902 सालीच नोंदवलं होतं. मलेरियाचा परजीवी शोधणारा तोच हा लाव्हराँ. एपीओएल-1 हाच मारेकरी, हे ठरायला मात्र 2003 उजाडलं. हे प्रथिन माणसाकडे आहे, गोरिलाकडे आहे, बबून माकडाकडे आहे. गायी-म्हशींकडे, घोड्याकडे, उंटाकडे, कुत्र्याकडे नाही. एकाच कोठ्यात, एकच माशी म्हशीलाही चावते आणि तुम्हालाही, आणि आजारी मात्र म्हैस पडते, ते यामुळे.

आता तुम्ही विचाराल, मग हे प्रथिन वाढवायला काय खाऊ? काही नाही. ते बहुतांशी यकृतात बनतं, जनुकाच्या हुकमावर, आणि निरोगी माणसात गरजेपुरतं असतंच. एचडीएलचं नाव वाचून कुणी तूप वाढवायला सांगेल, तेही ऐकू नका. एकूण एचडीएलपैकी फारच थोड्या कणांवर हे प्रथिन असतं. पावडरीत जीवनसत्त्वं, साखर आणि चव यापलीकडे या कामाचं काही नसणार. गुळवेलीबाबत एक इशारा हवाच. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण सासूबाईंना मधुमेहाच्या किंवा इतर कसल्या गोळ्या चालू असतील तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू करू नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी काढा बंद आणि दवाखाना.

शिवाय प्रतिकारशक्ती "वाढवणं" ही गोष्ट शरीराला कधीकधी महागात पडते, आणि त्याचा उत्तम दाखला याच प्रथिनात आहे. आफ्रिकेत ट्रायपॅनोसोमाच्या एका जातीने एपीओएल-1 ला पकडून निकामी करणारं प्रथिन तयार केलं, म्हणून तिथे माणसाला झोपेचा आजार होतो. तिथल्या काही लोकांत एपीओएल-1 चे बदललेले प्रकार पसरले, जे त्या जातीविरुद्ध जास्त तिखट आहेत. पण असे दोन बदललेले प्रकार एकाच माणसात आले तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका बराच वाढतो, हे 2010 मध्ये लक्षात आलं. तुमच्या भागात सिकलसेलचं असंच आहे. जनुकाची एक प्रत असली तर घातक मलेरियापासून पुष्कळ संरक्षण, दोन असल्या तर सिकलसेलचा आजार. शरीराने हे सौदे हजारो वर्षांत केलेले आहेत. डबा फोडून ते बदलत नाहीत.

तरीही हे कवच अभेद्य आहे असं समजू नका. 2015 साली व्हिएतनाममध्ये एका बाईला सर्राच्याच परजीवीची बाधा झाली आणि तिच्यात एपीओएल-1 अगदी नेहमीसारखं होतं. कच्चं गोमांस कापताना झालेल्या जखमेवाटे बाधा झाली असावी असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. म्हणजे खूप रक्त, ताजी जखम, असा योग आला तर हे रक्षण अपुरं पडू शकतं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की आजारी जनावराच्या रक्ताशी उघड्या जखमेची गाठ पडू द्यायची नाही. बोटाला भेग असेल, कापलं असेल तर चिकटपट्टी लावा किंवा हातमोजे घाला, मग धार काढा. धार झाली की साबणाने हात. म्हशीला जखम झाली, शिंग मोडलं, रक्त आलं, तर उघड्या हाताने पुसू नका.

दुधाचं. सर्रा दुधातून माणसाला झाल्याची भीती बाळगायचं कारण नाही, आणि हा परजीवी उकळत्या दुधात टिकणारा नाहीच. उकळायचं ते दुसऱ्याच कारणांसाठी. कच्च्या दुधातून ब्रुसेला हा जिवाणू येतो, क्षय येतो, आणि त्यांच्यापुढे एपीओएल-1 चा काही उपयोग नाही. सर्रामुळे म्हशी गाभडतात, ब्रुसेलामुळेही गाभडतात, बाहेरून फरक कळत नाही. म्हणून म्हैस गाभडली तर वार आणि पाणी उघड्या हाताने उचलू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि डॉक्टरांना रक्ततपासणी करायला सांगा. दुधाला पहिली उकळी आली की लगेच उतरवू नका, ढवळत आणखी दोन-तीन मिनिटं राहू द्या. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते. इंजेक्शननंतर काही दिवस औषधाचा अंश दुधात येतो. किती दिवस दूध घरात किंवा डेअरीवर द्यायचं नाही, हे औषधाच्या वेष्टनावर असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते दिवस झाले नसतील तर दूध घरात कुणालाच देऊ नका, मुलाला तर नाहीच.

आता मुलाचा बाण. 8,200 चे 9 टक्के म्हणजे 738. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 500 पर्यंत असले तर ठीक, 500 ते 1,500 ही सौम्य वाढ, 1,500 च्या वर गेलं की नीट शोध घ्यायचा. नुसता टक्का बघून घाबरायचं नाही, हा आकडा काढायचा. या पेशीही जन्मजात सेनेतल्याच, पण त्यांचं काम वेगळं. ट्रायपॅनोसोमासारख्या एकपेशीय परजीवीने त्या सहसा वाढत नाहीत. जंतांनी वाढतात, दम्याने, ॲलर्जीने, खरजेने, काही औषधांनीही वाढतात.

जंताची गंमत अशी की तो पेशीच्या मानाने अजस्र असतो. एरवी पांढरी पेशी जिवाणूला गिळून टाकते, पण गोलकृमीची अळीसुद्धा कुठल्याच पेशीच्या तोंडात मावत नाही. मग इओसिनोफिल तिच्या अंगाला चिकटतात आणि स्वतःच्या आतले विषारी कण तिच्यावर रिकामे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण इओसिन रंगाने लालकेशरी दिसतात, त्यावरूनच जर्मन डॉक्टर एर्लिखने 1879 मध्ये या पेशी ओळखल्या आणि नाव ठेवलं. आतड्यात अजून एक यंत्रणा आहे. अस्तरातल्या टफ्ट नावाच्या विरळ पेशींना जंताची चाहूल लागते, त्या संदेश सोडतात, शेजारच्या लिम्फॉइड पेशी तो पुढे नेतात, मग चिकट स्राव वाढतो, पाणी सुटतं, आतडं जोरात आवळतं आणि जंत पुढे ढकलला जातो. उंदरांवरच्या प्रयोगांत 2016 मध्ये ही साखळी उलगडली. मुरलेल्या जंतांपुढे हे बहुधा कमी पडतं, कारण जंतही शरीराची ही यंत्रणा मंदावणारे पदार्थ सोडतात. तिथे गोळीच लागते.

तेव्हा मुलाची शौचाची तपासणी करा, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. अंडी रोज सारखी पडत नाहीत, एका नमुन्यात निसटतात. शाळेत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला जंतनाशक दिवस असतो. ऑगस्टची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी त्याने खरंच चावून खाल्ली का, की खिशात घरी आली, ते विचारा. राहिली असेल तर आरोग्य केंद्रातून घ्या. खोकला, धाप, रात्रीचे शिट्टीसारखे श्वासाचे आवाज, अंगाला खाज, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचारानंतर दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. दुसऱ्याच आठवड्यात तपासलं तर आकडा तिथेच दिसेल आणि तुम्ही उगाच धसका घ्याल, जंत मरताना इओसिनोफिल काही दिवस वाढूही शकतात.

घरातल्या माणसांपैकी कुणाला सर्राची शंका घ्यायची ती एकाच परिस्थितीत. ताप दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस येत-जात राहिला आणि मलेरियाची तपासणी पुन्हापुन्हा नकारात्मक आली, तर. अशा वेळी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कोठ्यात सर्रा होता. मलेरियासाठी केलेल्या काचेवरच ट्रायपॅनोसोमा दिसू शकतो, फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात ते नाव असायला हवं. रक्त ताप चढलेला असताना घ्यावं. उतरल्यावर परजीवी इतके कमी असतात की काच रिकामी दिसते. थेंबभर ताजं रक्त काचेवर तसंच पाहिलं तर तांबड्या पेशी धक्के खाताना दिसतात आणि त्यांच्या मध्ये वळवळणारा जीव सापडतो. मलेरियाची झटपट पट्टी मात्र याला ओळखत नाही, पट्टी नकारात्मक म्हणजे विषय संपला असं होत नाही.

(तान्हं बाळ असलेल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. उंदरांच्या अंगात ट्रायपॅनोसोमाची आणखी एक जात असते आणि ती माणसाच्या रक्तजलात मरत नाही. उंदरांच्या पिसवांमार्फत बाळांना तिची बाधा झाल्याच्या तुरळक नोंदी भारतात आहेत. धानाच्या कोठीशेजारी बाळाचा पाळणा नको.)

उरली म्हैस, आणि खरं काम तिथेच आहे. तिच्या रक्तात तुमच्यासारखं हत्यार नाही, म्हणून तिला औषधाचं हत्यार बाहेरून द्यावं लागतं, आणि ते पूर्ण मात्रेतच. क्विनापायरॅमिन सल्फेटची उपचाराची मात्रा किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम, कातडीखाली. चूक होते ती वजनाच्या अंदाजात. डोळ्याने बघून तीनशे किलो म्हटलं आणि म्हैस निघाली साडेचारशेची, तर एक तृतीयांश औषध कमी पडतं. जे परजीवी वाचतात ते त्या औषधाला सरावतात आणि महिन्याभरात ताप परत येतो. टेप घेऊन पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 72 आणि लांबी 58 असेल तर वजन 455 च्या आसपास. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, मात्रा तेच ठरवतील. इंजेक्शननंतर लाळ गळणं, थरथर, सुईच्या जागी सूज, हे होऊ शकतं. म्हणून ते सकाळी, थंड वेळेत, डॉक्टर अजून तासभर जवळपास असताना घ्यावं. परजीवी रक्तातली साखर खातो, अशक्त म्हशीला त्यासाठी डॉक्टर ग्लुकोजची सलाईनही लावतात, ती नको म्हणू नका.

दुसरी म्हैस आणि बैल यांचंही रक्त तपासून घ्या, दिसायला ठणठणीत असले तरी. म्हशी आणि गायी-बैल महिनोन्महिने परजीवी बाळगून असतात आणि काहीच दाखवत नाहीत. कामाच्या ताणात, विताना, लांबच्या प्रवासात एकदम पडतात. एका काचेवर न दिसल्याने तो नाही असं ठरत नाही, संध्याकाळी ताप मोजा आणि वाढला त्या दिवशी रक्त द्या.

माशीबद्दल. सर्रा पसरवणाऱ्या दोघी. एक मोठी टॅबॅनस, कुणी घोडेमाशी म्हणतं. ती धानाच्या बांध्यांच्या आणि बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) ओल्या चिखलात वाढते, दिवसा चावते आणि चावा इतका झोंबतो की जनावर शेपूट मारून तिला अर्ध्या जेवणावरून उठवतं. उठली की ती शेजारच्या जनावरावर बसते, तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तासकट. परजीवी तिच्या अंगात वाढत नाही, तिच्या सोंडेवर काही मिनिटंच जगतो. म्हणूनच अंतर कामाला येतं. आजारी म्हैस बाकीच्यांपासून शंभर-दोनशे पावलं लांब बांधली तर माशी तेवढं उडण्यापेक्षा पुन्हा त्याच म्हशीवर बसते, आणि उडालीच तरी वाटेत परजीवी सुकून मरतो. दुसरी स्टोमोक्सिस, दिसायला घरमाशीसारखीच पण पुढे सुईसारखी सोंड, जनावरांचे पाय फोडते. ती शेण, मूत आणि कुजका पेंढा यांच्या मिश्रणात वाढते आणि उकाड्यात तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. गव्हाणीखालचा ओला पेंढा दर पाच-सहा दिवसांनी खरडून काढला की तिचं चक्र मोडतं. पंधरा दिवसांनी एकदा साफसफाई म्हणजे तिला वेळ दिल्यासारखं. डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक फवारत असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा, पोट आणि पाय भिजवा, पाठच भिजवून थांबू नका. निंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी उपयोगी आहे, पण टॅबॅनस भर दिवसा येते, तेव्हा धूर विझलेला असतो.

आणि सुई. गावात लसीकरणाची टीम आली की एकाच सुईने वीस जनावरं टोचली जातात, असं घडताना दिसलं तर तिथेच थांबवा. माशीला जे काम दिवसभरात जमत नाही ते एक सुई दहा मिनिटांत करते. प्रत्येक जनावराला नवी सुई मागा, मिळत नसेल तर मेडिकलमधून विकत आणून द्या.

कुत्रा असेल तर त्याला मेलेल्या जनावराचं कच्चं मांस किंवा रक्त मिळू देऊ नका. कुत्र्याकडे एपीओएल-1 नाही आणि त्याच्यात सर्रा झपाट्याने जिवावर बेततो. डोळ्यांवर पांढरा पडदा, तोंडाखाली किंवा पायांवर सूज, ताप, असं दिसलं तर लगेच पशुवैद्यक.

नणंदबाईंच्या सल्ल्याचं राहिलं. आत्ता विकली तर म्हैस निम्म्या भावात जाईल, आणि तिच्या रक्तात काही उरलं असलं तर ते दुसऱ्या गावच्या कोठ्यात जाईल. इंजेक्शनच्या तारखेपासून पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहा. म्हशीचा नेहमीचा ताप 101 ते 102 फॅरेनहाइटच्या आसपास असतो, 103 च्या वर गेला की त्याच संध्याकाळी रक्त द्या. डोळ्यावरचा पडदा हळूहळू ओसरतो, त्याला महिनाही लागेल, त्यासाठी बाजारातले थेंब घालत बसू नका. तीन आठवडे ताप आला नाही आणि दूध चार-पाच लिटरवर आलं, की मग विकायचं का ठेवायचं ते तुम्ही आणि नणंदबाई मिळून ठरवा.